औजार घेण्यापूर्वी हाताचा विचार

शेतकरी बैल घेताना त्याचे दात पाहतो, खांदा चाचपतो आणि दोन पावले चालवूनही बघतो. बियाणे घेताना तो उगवणशक्तीची चौकशी करतो. औजार घेण्याच्या वेळी मात्र ही सावधगिरी पुष्कळदा दिसून येत नाही. किंमत विचारली जाते, अनुदान किती मिळेल हे विचारले जाते, लोखंड जाड आहे की पातळ हेही ठोकून पाहिले जाते. परंतु ते औजार उद्यापासून दिवसभर ज्याच्या हाती राहणार, त्याला ते पेलेल काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. याचा परिणाम असा होतो की, पुष्कळ गावांत एखाद्या पडवीत किंवा गोदामाच्या कोपऱ्यात कोरे करकरीत औजार गंज खात पडलेले आढळते.

अशा पडून राहिलेल्या औजाराविषयी विचारणा केली असता ठरावीक उत्तरे मिळतात. “मजुरांना सवय नाही.” “बाया जुनेच धरून बसतात.” यात दोष नेहमी हाताला दिला जातो, औजाराला नाही. वास्तविक, जे औजार काम करणाऱ्याने दोन दिवसांत बाजूला ठेवले, त्यात बहुधा काहीतरी खोट असते आणि ती खोट खरेदीपूर्वी थोड्या खर्चात कळून येण्याजोगी असते. औजार काम करणाऱ्याच्या अंगाला व रीतीला जुळवून घेण्यासाठी आरंभी केलेला खर्च हा शेतीतील अत्यंत फायद्याच्या खर्चांपैकी एक होय. हे केवळ दयाबुद्धीने सांगावयाचे नाही, ते हिशेबानेही सिद्ध करून दाखविता येते.

साडेसहा लाख रोपांचा हिशेब

डिसेंबर-जानेवारीत निफाड, येवला, चांदवड, सिन्नर, देवळा या तालुक्यांत उन्हाळ कांद्याची लावणी सुरू झाली म्हणजे वाफ्यावाफ्यांतून ओणव्याने रोपे लावणाऱ्या स्त्रियांच्या रांगा दिसू लागतात. दोन ओळींत १५ सेंटिमीटर व दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एका रोपाच्या वाट्यास १५० चौरस सेंटिमीटर जागा येते. या मापाने एका हेक्टरात सुमारे ६ लाख ६६ हजार रोपे बसतात. पाट व वरंबे यांची जागा वजा केली तरी हा आकडा लाखांच्याच घरात राहतो. यांतील प्रत्येक रोप कोणाच्या तरी बोटांनी उचललेले, दाबलेले व सरळ केलेले असते.

आता असे समजा की, एखाद्या साध्या सुधारणेमुळे एका रोपामागे केवळ एक सेकंद वाचला. रोपांची जुडी हाताशी येईल अशी ठेवण्याची सोय केली, किंवा जागा करण्याचे खुरपे मुठीत नीट बसणारे दिले, तरी एवढा वेळ वाचू शकतो. हेक्टरी ६ लाख ६६ हजार सेकंद म्हणजे १८५ तास. दिवसाचे काम आठ तासांचे धरले तर ही २३ दिवसांची मजुरी झाली. उलट, औजार अवघड असल्यामुळे एका रोपास एक सेकंद अधिक लागला, तर तेवढीच मजुरी शेतकऱ्याच्या अंगावर पडते. ती कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते, म्हणून ध्यानात येत नाही, एवढेच.

काढणीच्या वेळीही हीच गोष्ट. कांदा सुकल्यावर दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापावयाची असते. प्रत्येक कांदा हाती घ्यावा लागतो. विळ्याची मूठ बोटांना रुतत असेल, तर दुपारनंतर हात आखडतो, मान कधी आखूड तर कधी लांब कापली जाते, आणि आखूड मानेचे कांदे चाळीत लवकर सडतात. द्राक्षबागेत मण्यांची विरळणी करणाऱ्या मजुरांचे हात तासन्‌तास खांद्याच्या वर राहतात. तेथे कात्रीचे वजन आणि उभे राहावयाच्या घोड्याची उंची या दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर घडांची प्रत अवलंबून असते. ज्या कामात एकच हालचाल हजारो वेळा करावी लागते, त्या कामात औजाराचा लहान दोषही हजारो पटींनी वाढतो, हे सूत्र लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

पैसे मोजणारा एक, वापरणारी दुसरी

औजाराच्या निवडीत चूक होण्याचे मुख्य कारण असे की, पैसे मोजणारा व औजार वापरणारा हे बहुधा एक नसतात. दुकानात घरचा कर्ता पुरुष जातो. तो औजार आपल्या हाताने उचलून पाहतो आणि त्याच्या हाताला ते हलके वाटते. लावणी, निंदणी, खुरपणी ही कामे मात्र मुख्यत्वे स्त्रिया करतात. आपल्या देशातील शेतकरी पुरुषांच्या व स्त्रियांच्या सरासरी उंचीत दहा-बारा सेंटिमीटरांचा फरक आहे. हाताची पकड, खांद्याची ताकद, पावलाचे अंतर यांतही फरक आहेच.

या फरकांची शास्त्रीय मापे उपलब्ध आहेत. भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने निरनिराळ्या राज्यांतील शेतीकाम करणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या शरीराची ७९ मापे व शक्तीची १६ मापे घेऊन ती २००९ साली प्रसिद्ध केली. औजाराचा दांडा किती उंच असावा, मूठ किती जाड असावी, किती जोराने ओढावे लागले म्हणजे माणूस लवकर थकतो, हे या मापांवरून ठरविता येते. औजारे बनविणाऱ्यांनी ती वापरावीत हे तर खरेच. परंतु घेणाऱ्यानेही आपल्या घरच्या व मजुरीवर येणाऱ्या स्त्रियांचे माप डोळ्यांसमोर ठेवूनच औजार निवडले पाहिजे.

हापसा मोडला, दोष कोणाचा?

या विषयाचा एक मोठा धडा महाराष्ट्रानेच देशाला दिलेला आहे. १९६० नंतर कठीण खडकाच्या प्रदेशांत विंधन विहिरी खोदून त्यांवर हातपंप बसविण्याचे काम वाढले आणि १९७२ च्या दुष्काळात या विहिरींचे मोल सर्वांना पटले. परंतु बसविलेले बिडाचे पंप भराभर मोडू लागले. युनिसेफच्या १९७४ च्या सुमाराच्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद असल्याचे दिसून आले. गावकरी दांडिया जोरात आपटतात, देखभाल करीत नाहीत, असा दोष त्यांच्यावर ठेवणे सोपे होते.

पण खरी गोष्ट वेगळी होती. ते पंप ज्या नमुन्यावर बनविलेले होते, तो नमुना युरोप-अमेरिकेतील एकेका कुटुंबाच्या वापरासाठी होता. आपल्या खेड्यात त्याच पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत सगळ्या वस्तीच्या घागरी भरल्या जात. जालना येथे व त्यानंतर सोलापूर येथे काम करणाऱ्या जाणत्या कारागिरांनी हे पाहिले आणि गावाच्या वापरास टिकेल असा पोलादी पंप तयार केला. दांड्याला अनेक खिळखिळ्या सांध्यांऐवजी एकच भक्कम सांधा आणि साखळी दिली. याच सोलापूर पंपाच्या आधारे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला. देशात तो लाखोंच्या संख्येने बसविला गेला आणि परदेशांतही गेला. पुढे त्याच्या ‘मार्क तीन’ या नमुन्यात आणखी एक सोय झाली. आतील दट्ट्या काढण्यासाठी सगळे नळ वर ओढण्याची गरज उरली नाही, त्यामुळे दुरुस्ती गावातल्या गावात करणे सुलभ झाले.

गावकरी तेच होते, त्यांचे हातही तेच होते. बदलला तो पंप. प्रत्यक्ष वापर कोण करतो, किती करतो, दुरुस्ती कोण करणार, हे पाहून जो खर्च झाला, त्याने बंद पडणाऱ्या पंपांवर वाया जाणारा पैसा वाचविला.

मळणी यंत्राचा धडा

दुसरे उदाहरण दुःखद आहे. १९७० च्या दशकात यंत्राने मळणी करण्याची पद्धत पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेश या भागांत झपाट्याने पसरली. त्याबरोबर मळणी यंत्रात हात जाऊन तो कायमचा गमावल्याच्या दुर्घटना घडू लागल्या. मजूर झोपेत होता, निष्काळजी होता, असे बोलले गेले. परंतु पेंढ्या आत सारण्याचे पन्हळ आखूड आणि उघडे असेल, तर रात्री-अपरात्री थकून काम करणाऱ्याचा हात फिरत्या दातांपर्यंत पोचणारच. भारतीय मानकानुसार हे पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब असावे व त्याचा यंत्राकडील ४५ सेंटिमीटर भाग झाकलेला असावा. माणसाचा हात तेवढ्या लांब पोचत नाही, हाच त्यामागील साधा विचार आहे. १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदाही झाला.

येथे खर्च किती, तर हातभर पत्र्याचा. आणि तो न केल्याची किंमत एका कुटुंबाच्या कमावत्या हाताची. मळणी यंत्र भाड्याने आणताना किंवा विकत घेताना हे पन्हळ फूटपट्टीने मोजून पाहावे. ते आखूड असल्यास यंत्र खळ्यावर लावू देऊ नये.

थोड्या खर्चाची हाताजोगी औजारे

सोयीचे औजार महागच असते असे नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला दातेरी ‘वैभव’ विळा भात, नागली व गवत यांच्या कापणीस उपयुक्त आहे. त्यास साध्या विळ्याप्रमाणे वारंवार धार लावावी लागत नाही. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या भात-नागलीच्या तालुक्यांत अशा हलक्या विळ्याचा विचार अवश्य व्हावा. सायकल कोळप्याने उभ्याने खुरपणी करता येते, ही त्याची मोठी सोय. परंतु त्याचा दांडा एकाच उंचीवर पक्का केलेला असेल, तर ठेंगण्या बाईला कोपरे उचलून ढकलावे लागते आणि तासाभरात खांदे भरून येतात. दांड्याला वरखाली आणखी दोन भोके पाडून बोल्ट लावण्याची सोय केली, की तेच कोळपे घरातील चार जणांच्या उपयोगी पडते. गावातील लोहार किंवा वेल्डिंगवाला हे काम अर्ध्या तासात करून देतो.

पाठीवरच्या फवारणी पंपाचेही तसेच. १६ लिटरचा पंप पूर्ण भरला की पाणी व पंप मिळून वजन २० किलोंच्या आसपास किंवा त्याहून अधिक होते. अरुंद पट्टा खांद्यात रुततो, म्हणून मजूर पंप घाईने रिकामा करतो. मग औषध कोठे जास्त, कोठे कमी पडते. रुंद व मऊ पट्टा लावला, अथवा पंप तीन-चतुर्थांशच भरला, तर फवारणी एकसारखी होण्यास मदत होते. येथे मजुराची सोय व पिकाचे हित या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

एका औजारे बँकेचा हिशेब

पुष्कळ गावांत आता शेतकरी गट, बचतगट व सहकारी संस्था औजारे भाड्याने देतात. २०१४-१५ साली सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातूनही अशा औजारे बँकांना साह्य मिळाले आहे. अशा बँकेने पुढील प्रकारे हिशेब मांडून पाहावा. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे घालावेत.

समजा, यंत्राची किंमत १,००,००० रुपये, आयुष्य ८ वर्षे, एका दिवसाचे भाडे ६०० रुपये आणि दिवसाची झीज-दुरुस्ती १५० रुपये. म्हणजे दिवसाला ४५० रुपये शिल्लक राहतात.

पहिली रीत : चाचणी न घेता यंत्र आणले. ते मजुरांना अवघड पडले, म्हणून वर्षातून १० दिवसच चालले. ८ वर्षांत ८० दिवस, शिल्लक ३६,००० रुपये. तोटा ६४,००० रुपये.

दुसरी रीत : खरेदीपूर्वी सहा स्त्रियांकडून तीन दिवस यंत्र चालवून पाहिले. त्यांची मजुरी दिवसाला ४०० रुपये धरून ७,२०० रुपये, वाहतूक १,८०० रुपये, आणि त्यांनी सुचविलेले बदल करून घेण्यास ६,००० रुपये, असा एकूण १५,००० रुपये जादा खर्च आला. यंत्र मात्र वर्षातून ४० दिवस चालले. ८ वर्षांत ३२० दिवस, शिल्लक १,४४,००० रुपये. १,१५,००० रुपये वजा जाता नफा २९,००० रुपये.

कोणी म्हणेल, चाळीस दिवस काम मिळेलच असे कशावरून? शंका रास्त आहे. म्हणून उलट बाजूने पाहावे. जादा १५,००० रुपये भरून निघण्यास किती दिवस लागतात? ४५० ने भागल्यास सुमारे ३४ दिवस. ८ वर्षांत ३४ दिवस म्हणजे वर्षाला चार-साडेचार दिवस. सुधारणेमुळे यंत्र वर्षाकाठी केवळ पाच दिवस अधिक चालले, तरी चाचणीचा खर्च निघून वर थोडे उरते. आणि चाचणीत यंत्र सर्वस्वी नापसंत ठरले व घेतलेच नाही, तर ९,००० रुपये गेले, पण ६४,००० रुपयांचा तोटा टळला. अनुदान मिळाल्यास गटाचा तोटा कमी दिसेल, परंतु वाया गेलेला पैसा कोणाचा तरी असतोच. अनुदानाचे यंत्र म्हणजे फुकटचे यंत्र नव्हे.

चाचणी कशी घ्यावी?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. ज्यांना ते काम रोज करावयाचे आहे, अशाच पाच-सहा जणांची निवड करावी. त्यांत एखादी उंच, एखादी ठेंगणी, एखादी वयस्क आणि मिळाल्यास एखादी डावखुरी असावी. एवढ्या थोड्या माणसांकडूनही बहुतेक ठळक दोष उघड होतात.

२. चाचणी खऱ्या शेतात, खऱ्या ओलीत घ्यावी. दुकानासमोरच्या फरशीवर सर्वच औजारे चांगली चालतात.

३. औजार कसे धरावे हे एकदाच सांगावे आणि मग बाजूस उभे राहून गप्प पाहावे. कोण कोठे अडखळते, कोठे हात बदलते, किती वेळा थांबते, हे टिपून घ्यावे. तीन जणी एकाच ठिकाणी अडखळल्या, तर दोष औजाराचा समजावा.

४. शेजारच्याच वाफ्यात जुन्या पद्धतीने काम चालू ठेवावे. किती ओळी झाल्या, किती रोपे मोडली, हे दोन्हीकडे मोजावे. सकाळी एकदा व दुपारी चारनंतर एकदा असे मोजमाप घ्यावे, कारण औजाराची परीक्षा थकल्यानंतरच होते.

५. “औजार चांगले आहे ना?” असे विचारू नये. साहेबांचा किंवा सरपंचांचा मान राखून “चांगलं आहे” असेच उत्तर येते. “मावशी, उद्या दिवसभर काम करायचे तर हे घ्याल की तुमचे जुने?” असे विचारावे. “कोठे दुखले?” हेही विचारावे. बचतगटातील एखाद्या ताईने विचारल्यास स्त्रिया अधिक मोकळेपणाने बोलतात.

६. सुचविलेले बदल करून औजार पुन्हा त्याच हातांत द्यावे. एकदा सुधारले म्हणजे संपले असे मानू नये.

७. चाचणीच्या दिवसांची मजुरी अवश्य द्यावी. तो उपकार नव्हे, ते काम आहे.

हंगामात वेळ नसतो, ही अडचण सर्वत्र सांगितली जाते. त्यावर उपाय असा की, पुढील हंगामासाठी घ्यावयाच्या औजाराची चाचणी चालू हंगामाच्या अखेरीस एखाद्या वाफ्यात भाड्याच्या औजाराने उरकून घ्यावी. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्राशी अथवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी सल्लामसलत करणेही हितावह ठरेल.

कागद आणि मोबाईल हीदेखील औजारेच

औजार म्हणजे केवळ लोखंड व लाकूड नव्हे. शेतकऱ्यास भरावा लागणारा अर्ज आणि त्याच्या हातातील मोबाईलवरचे ॲप हीही औजारेच होत. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करावी अशी सोय झाली. बांधावर उभे राहून, उन्हात चमकणाऱ्या पडद्यावर, मातीच्या बोटांनी नोंद करताना चूक होणे स्वाभाविक आहे. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत केलेली नोंद ४८ तासांच्या आत स्वतःच दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. माणूस चुकणार, हे गृहीत धरूनच साधन बनवावे, ही दृष्टी त्यात आहे. ज्या नोंदीवर पीकविमा व नुकसानभरपाई अवलंबून असते, ती बिनचूक होणे हे शेतकऱ्याच्या व शासनाच्या सारख्याच हिताचे आहे.

कार्यकर्त्यांनीही गावासाठी एखादा तक्ता किंवा अर्जाचा नमुना तयार करताना तो आधी चार शेतकऱ्यांकडून भरून घ्यावा. ते जेथे थांबतील, तेथील प्रश्नाची भाषा बदलावी. चार नमुने फुकट गेले तरी चालतील. चारशे अर्ज परत आले, तर चारशे जणांची तालुक्याची खेप वाया जाते.

बैलाच्या खांद्याला गळू झाले तर शेतकरी जू बदलतो, बैलाला दोष देत नाही. माणसाच्या खांद्यासाठीही हीच रीत असावी. यंदा कांद्याच्या लावणीपूर्वी प्रत्येक गटाने आपल्याकडील पडून असलेले एकतरी औजार बाहेर काढावे, ते जिने टाकून दिले तिलाच बोलवावे, आणि का टाकले हे नीट ऐकून घ्यावे. पुष्कळदा एक बोल्ट, वीतभर दांडा किंवा मुठीवर गुंडाळलेला रबराचा तुकडा एवढ्याने ते औजार पुन्हा शेतात जाईल. आणि नवे औजार घेताना पैसे मोजण्यापूर्वी ते एकदा तिच्या हाती द्यावे.